हायड्रोजन आणि अणुऊर्जेचा सरकारी पैसा: नागपूरकरांनो, या चुका टाळा

लहान उद्योगांचे प्रकल्प अहवाल तयार करून देणं हे माझं काम. गेल्या उन्हाळ्यात नागपूरजवळच्या बुटीबोरी औद्योगिक वसाहतीतले एक ओळखीचे कारखानदार फाइल घेऊन आले. फाइलमध्ये दोन मेगावॉटच्या इलेक्ट्रोलायझरचं, म्हणजे विजेने पाण्यातून हायड्रोजन काढणाऱ्या यंत्राचं कोटेशन होतं, सोबत बँकेला द्यायचा तक्ता. त्या तक्त्यात पहिल्याच वर्षी 'केंद्र सरकारचं अनुदान' म्हणून मोठी रक्कम भांडवलात धरलेली होती.

"हे कुठून आलं, भाऊ?"

"एकोणीस हजार कोटी मंजूर हायेत ना! त्यातलं आपल्याले एवढंसं नाही भेटणार काय?"

तक्ता ज्याने करून दिला होता, त्या एजंटाने आपली फी आधीच वसूल केली होती. त्या फाइलमध्ये जवळपास सगळ्या चुका एकाच जागी सापडल्या. त्यानंतर तशाच आणखी तीन-चार फाइली पाहिल्या, म्हणून हे लिहायला बसलो.

मंजूर रक्कम म्हणजे तिजोरीतला पैसा समजणं

राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशनला केंद्रीय मंत्रिमंडळाने ४ जानेवारी २०२३ रोजी मंजुरी दिली. एकूण रक्कम १९,७४४ कोटी रुपये. हा आकडा वर्तमानपत्रात आला आणि डोक्यात पक्का बसला. पण हा अनेक वर्षांचा मिळून आहे. त्यातले १७,४९० कोटी 'साइट' या प्रोत्साहन योजनेसाठी, १,४६६ कोटी पथदर्शी प्रकल्पांसाठी, ४०० कोटी संशोधनासाठी. एखाद्या वर्षी खरोखर किती पैसा बाजूला काढला, हे त्या वर्षाच्या अर्थसंकल्पातच दिसतं. २०२३-२४ साठी या मिशनची तरतूद २९७ कोटी होती, २०२४-२५ साठी ६०० कोटी. एकोणीस हजार आणि सहाशे, या दोन आकड्यांमधल्या अंतरात कित्येकांचे हिशेब बुडाले आहेत.

उपाय सोपा आहे, पण कोणी करत नाही. केंद्रीय अर्थसंकल्पाची कागदपत्रं फुकट मिळतात. नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाची 'मागणी', म्हणजे त्या मंत्रालयाच्या खर्चाचा कागद, उघडा आणि तीन रकाने शेजारी-शेजारी ठेवून वाचा: अर्थसंकल्पी अंदाज, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च. फेब्रुवारीत जाहीर झालेला आकडा पुढच्या फेब्रुवारीत सुधारित होऊन खाली आलेला दिसला, तर योजना अजून कागदावरून जमिनीवर उतरतेय, असं समजा. अशा योजनेच्या भरवशावर बँकेचा हप्ता बांधून घेऊ नका.

सबसिडी आधी मिळते असं धरणं

सगळ्यात जास्त माणसं इथेच फसतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

'साइट' योजनेत हायड्रोजन तयार करणाऱ्याला यंत्र घ्यायला पैसे मिळत नाहीत. तयार होऊन विकल्या गेलेल्या किलोमागे मिळतात: पहिल्या वर्षी जास्तीत जास्त ५० रुपये, दुसऱ्या वर्षी ४०, तिसऱ्या वर्षी ३०. तेही स्पर्धात्मक बोलीतून, म्हणजे जो कमी प्रोत्साहन मागेल तो पुढे. पहिल्या फेरीत मुख्य गटासाठी किमान बोलीच वर्षाला १०,००० टनांची होती, बायोमासच्या गटात ५०० टनांची. आमच्या बुटीबोरीच्या भाऊंचं दोन मेगावॉटचं यंत्र वर्षभर एक मिनिटही न थांबता चाललं असतं, तरी साडेतीनशे टनांच्या आतच राहिलं असतं. म्हणजे ते दारापर्यंतही पोहोचत नव्हते, आणि फाइलमध्ये मात्र पैसे जमा दाखवलेले.

आता विजेचा हिशेब. एक किलो हायड्रोजनला साधारण ५० ते ५५ युनिट वीज लागते. सात रुपयांचा दर धरला, तर नुसत्या विजेचेच साडेतीनशेच्या वर गेले. कमाल सबसिडी ५० रुपये, म्हणजे बावन्न युनिटांपैकी जेमतेम सात युनिटांचे पैसे. या धंद्याचा जीव विजेच्या दरात आहे, सबसिडी हा त्यावरचा शिडकावा आहे. स्वस्त वीज लांब मुदतीच्या कराराने हातात नसेल, तर पुढची पानं लिहूच नयेत.

माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला आता मी एकच सांगतो: तक्ता आधी सबसिडीच्या रकान्यात शून्य घालून करा. शून्यावर प्रकल्प उभा राहत असेल तर बोलू. राहत नसेल, तर सबसिडी आल्यावरही तो लंगडतच चालेल. आणि एजंटाने 'मंजुरीपत्र' दाखवलं, तर त्यावर कुठल्या निविदेचा क्रमांक आहे आणि ते कोणत्या यंत्रणेने दिलंय, एवढं विचारा. या बोली मागवणाऱ्या भारतीय सौर ऊर्जा महामंडळाच्या निविदा जाहीर असतात, निकालही जाहीर होतात. तिथे नाव नसेल, तर हातातला कागद कितीही गुळगुळीत असला तरी कामाचा नाही.

कोराडीच्या विजेवर 'हरित' हायड्रोजन

"वीज तर आपल्याकडे बक्कळ आहे, शेजारी कोराडी, खापरखेडा." ही दोन्ही कोळशावरची वीजकेंद्रं, आणि हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता ऐकलं तरी पोटात गोळा येतो.

ऑगस्ट २०२३ मध्ये सरकारने हरित हायड्रोजनची व्याख्या ठरवली. एक किलो हायड्रोजनमागे, बारा महिन्यांच्या सरासरीने, कार्बन डायऑक्साइडचं उत्सर्जन दोन किलोच्या वर जाता कामा नये. आपल्या ग्रिडच्या, म्हणजे देशभरच्या सामाईक वीजजाळ्याच्या, एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो उत्सर्जन होतं. बावन्नने गुणा, आकडा छत्तीस किलोच्या पुढे जातो. नैसर्गिक वायूपासून जुन्या पद्धतीने केलेल्या हायड्रोजनमागे नऊ-दहा किलो होतं. म्हणजे ग्रिडच्या विजेवर केलेला हायड्रोजन त्या जुन्या पद्धतीच्या जवळपास चौपट घाण करतो. असल्या हायड्रोजनला जनतेचा पैसा द्यावा असं कोणी म्हणत असेल, तर त्याने आधी कोराडी-खापरखेड्याच्या आसपासच्या एखाद्या घरात सकाळी अंगणावरून हात फिरवून पाहावा. राखेची किंमत ती माणसं आधीच मोजताहेत.

आणखी एक गैरसमज इथेच मिटवतो. अणुवीज कार्बन जवळजवळ सोडत नाही, म्हणून तिच्यापासून केलेला हायड्रोजनही 'हरित' ठरेल, असं पुष्कळांना वाटतं. केंद्राच्या व्याख्येत अक्षय ऊर्जा आणि बायोमासच येतात. अणुविजेवरचा हायड्रोजन स्वच्छ असेलही, पण या मिशनच्या पैशाला तो पात्र नाही.

केंद्राची सवलत आणि राज्याची सवलत एकच धरणं

केंद्राने हरित हायड्रोजन प्रकल्पांना माफ केलं आहे ते आंतरराज्य पारेषण शुल्क, म्हणजे एका राज्यातून दुसऱ्या राज्यात वीज वाहून आणण्याचं भाडं. राजस्थानातून वीज आणली तर त्याचा उपयोग. सोलर पार्क विदर्भातच असेल, तर संबंध येतो महापारेषण आणि महावितरणशी, आणि तिथे राज्याचं धोरण लागू होतं. महाराष्ट्राने जुलै २०२३ मध्ये स्वतःचं हरित हायड्रोजन धोरण मंजूर केलं, त्यासाठी ८,५६२ कोटी रुपये ठरवले. त्यात पारेषण शुल्कात ५० टक्के आणि व्हीलिंग शुल्कात (महावितरणच्या तारांवरून वीज नेण्याच्या भाड्यात) ६० टक्के सूट आहे. अर्धी सूट म्हणजे पूर्ण माफी नव्हे. फाइलमध्ये दोन्ही सवलती एकत्र करून विजेचा वाहतूक खर्च शून्य दाखवलेला मी पाहिलाय. राज्याच्या धोरणासाठी महाऊर्जा या राज्याच्या अक्षय ऊर्जा यंत्रणेकडे लेखी विचारणा करा आणि लेखी उत्तर घ्या. फोनवरचं 'होऊन जाईल' बँक स्वीकारत नाही.

नागपुरात हायड्रोजन बस धावणार म्हणून गुंतवणूक

मार्च २०२२ मध्ये आपल्या शहराचे खासदार नितीन गडकरी हायड्रोजनवर चालणाऱ्या गाडीतून संसदेत गेले, तेव्हापासून नागपुरात ही चर्चा आहे. पण मार्च २०२५ मध्ये केंद्राने मिशनखाली पाच पथदर्शी वाहतूक प्रकल्प मंजूर केले: ३७ वाहनं, ९ हायड्रोजन भरणा केंद्रं, सुमारे २०८ कोटींची मदत. त्या दहा मार्गांत पुणे–मुंबई आहे, नागपूर नाही. पंपासाठी जागा अडकवून ठेवण्याआधी मार्गांची यादी वाचा.

अणुऊर्जेच्या बातमीवर जमीन घेणं

फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात अणुऊर्जा मिशनसाठी २०,००० कोटी जाहीर झाले. वाचणाऱ्यांपैकी निम्म्यांना वाटलं, वीजकेंद्रं उभी राहणार. हा पैसा लहान मॉड्युलर अणुभट्ट्यांच्या (सुटे भाग कारखान्यात बनवून जागेवर जोडायच्या छोट्या भट्ट्यांच्या) संशोधन-विकासासाठी आहे. २०३३ पर्यंत देशी बनावटीच्या किमान पाच भट्ट्या सुरू करायचं लक्ष्य आहे. २०४७ साठी १०० गिगावॉट म्हटलंय आणि २०२५ मध्ये आपण नऊ गिगावॉटच्या आत होतो. मग डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने 'शांती' विधेयक मंजूर केलं. १९६२ चा अणुऊर्जा कायदा आणि २०१० चा अणुअपघात दायित्व कायदा मागे पडले, खासगी कंपन्यांसाठी दार उघडलं. दार उघडणं वेगळं आणि पैसा हातात ठेवणं वेगळं. २२० मेगावॉटच्या 'भारत स्मॉल रिॲक्टर'साठी अणुऊर्जा महामंडळाने प्रस्ताव मागवले, त्यात जमीन, पाणी आणि भांडवल कंपनीनेच आणायचं आहे. चालवणार महामंडळ.

एप्रिल २०२५ मध्ये महानिर्मितीने रशियाच्या रोसाटॉम या सरकारी अणुकंपनीशी थोरियमवर चालणाऱ्या लहान अणुभट्टीसाठी सामंजस्य करार केला. सामंजस्य करारात जागा ठरत नाही, पैसा ठरत नाही, तारीखही ठरत नाही. शिवाय थोरियम स्वतः इंधन म्हणून पेटत नाही. त्याचं आधी भट्टीत युरेनियम-२३३ करावं लागतं, आणि होमी भाभांनी आखलेल्या कार्यक्रमात तो टप्पा तिसरा आहे. जैतापूरचं उदाहरण आपल्याच राज्यातलं आहे. प्रत्येकी दीड हजार मेगावॉटहून मोठ्या सहा अणुभट्ट्या, २०१० मध्ये फ्रेंच कंपनीशी झालेला करार, आणि अजून एकाही भट्टीचं बांधकाम नाही. तेव्हा "विदर्भात अणुप्रकल्प येतोय, आत्ताच प्लॉट घेऊन ठेवा" असं कोणी म्हटलं, तर जागा निश्चितीचा सरकारी आदेश मागा. तो नसेल, तर चहा पाजून परत पाठवा. सिव्हिल लाइन्समध्ये अणुखनिज संचालनालयाचं कार्यालय आहे म्हणूनही काही जण अंदाज बांधतात. ते कार्यालय खनिजांचा शोध घेतं, वीजकेंद्रांच्या जागा ठरवत नाही.

पाण्याची नको तिथे भीती

यावर फार वेळ घालवणार नाही. एक किलो हायड्रोजनला नऊ लिटर पाणी लागतं. शुद्धीकरण आणि थंड करणं धरून वीस लिटर समजा. दहा मेगावॉटचं यंत्र दिवसाला नव्वद-एक हजार लिटर घेईल. नागपूरच्या सांडपाण्यावर प्रक्रिया करून कोटींच्या हिशेबात लिटर पाणी कोराडीला जातंच. प्रश्न पाणी आहे का, हा नाही. प्रक्रिया केलेलं पाणी कराराने मिळेल का, हा आहे. अणुभट्टीची गोष्ट वेगळी, तिला थंड करायला खरोखरच प्रचंड पाणी लागतं.

सेमिनरी हिल्सला शेवटी जाणं

ही चूक फक्त नागपूरकरांच्या बाबतीत जास्त खुपते. दाबाखालचा हायड्रोजन साठवायचा, सिलिंडरमध्ये भरायचा, तर परवानगी देते पेट्रोलियम आणि विस्फोटक सुरक्षा संघटना, आपली 'पेसो'. तिचं मुख्यालय सेमिनरी हिल्सवर आहे, सिताबर्डीहून रिक्षाने जाता येईल एवढ्या अंतरावर. गॅस सिलिंडर नियम २०१६ आणि दाबपात्रांचे, म्हणजे दाबाखाली वायू साठवणाऱ्या टाक्यांचे नियम आधी वाचून, टाक्यांमधली सुरक्षित अंतरं धरून नकाशा काढायचा असतो. लोक मात्र शेड बांधतात, टाकी आणतात आणि मग नकाशा मंजुरीला नेतात. अंतर भरत नाही, भिंत पाडावी लागते. दरम्यान बँकेचं व्याज सुरूच असतं, आणि उत्पादन नाही म्हणून किलोमागचा एक रुपयाही नाही.

बुटीबोरीच्या भाऊंनी इलेक्ट्रोलायझरची ऑर्डर दिली नव्हती, हे नशीब. एजंटाची फी गेली ती गेली. त्यांच्या कारखान्यात दाबपात्रांचं वेल्डिंग उत्तम होतं, सर्टिफाइड वेल्डर होते. मी त्यांना सप्टेंबर २०२५ मध्ये मंत्रालयाने नवउद्योगांसाठी जाहीर केलेली १०० कोटींची योजना दाखवली. एका प्रकल्पाला कमाल ५ कोटी, पण त्यासाठी नवं काहीतरी करून दाखवावं लागतं. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "नवं नाही करत बाप्पा मी, पण ज्याले टाकी पाहिजे त्याले टाकी करून देतो." आता ते हायड्रोजनच्या निविदा जिंकलेल्या कंपन्यांची यादी घेऊन एकेकाकडे टाक्यांचे नमुने पाठवताहेत. नव्या तक्त्यातला सबसिडीचा रकाना त्यांनी स्वतःच खोडला.