गिटार ॲम्प्लिफायरच्या आउटपुटला स्पीकरचा भार कसा जुळवावा

गणेशोत्सव जवळ आला, की कोल्हापुरात सरावाच्या खोल्या भरू लागतात आणि आहे त्या ॲम्पला स्पीकरचा दुसरा बॉक्स जोडून आवाज वाढवण्याची घाई सुरू होते. या घाईत हमखास मिळणारा सल्ला म्हणजे ‘ओहम जास्त असले तर काळजी नाही’. ओहम म्हणजे स्पीकर विजेला करतो त्या विरोधाचे माप; ॲम्पच्या दृष्टीने तोच त्याचा भार. ट्रान्झिस्टरच्या ॲम्पपुरता तो खरा आहे. व्हॉल्व्हच्या, म्हणजे काचेच्या निर्वात नळ्यांच्या, ॲम्पला तोच नियम लावणारा माणूस आपला आउटपुट ट्रान्सफॉर्मर पणाला लावत असतो.

म्हणून प्रथम ॲम्प कोणत्या जातीचा आहे ते पाहावे. ट्रान्झिस्टरच्या ॲम्पवर ‘किमान ४ ओहम’ असे काहीतरी छापलेले असते. त्याच्या खाली जाऊ नये; वर गेल्यास ताकद कमी मिळते, इतकेच. व्हॉल्व्हच्या ॲम्पमध्ये मात्र ट्रान्सफॉर्मर स्पीकरचा भार कित्येक पटींनी वाढवून व्हॉल्व्हपुढे मांडतो आणि ४, ८ व १६ ओहमची वेगवेगळी टोके त्यासाठीच काढलेली असतात. असा ॲम्प स्पीकर न जोडता कधीही वाजवू नये, कारण भारच नसला की ट्रान्सफॉर्मरच्या व्हॉल्व्हकडच्या (प्रायमरी) वेटोळ्यावर व्होल्टेज उसळते, सॉकेटवर ठिणग्या पडू शकतात आणि ट्रान्सफॉर्मरचे इन्सुलेशन कायमचे फुटू शकते.

यानंतर ॲम्प बंद ठेवून बॉक्स मोजावा. स्पीकरची वायर बॉक्सला लावावी आणि दुसऱ्या टोकाच्या पिनचे टोक व दांडा यांवर मल्टिमीटर धरावा, म्हणजे वायरचीही परीक्षा होते. ८ ओहमचा बॉक्स साधारण ६ ते ७ दाखवतो, १६ ओहमचा ११ ते १३. मीटर फक्त स्पीकरच्या आतल्या तारेचा डीसी (एकाच दिशेच्या प्रवाहाला होणारा) रोध मोजतो, त्यामुळे आकडा छापील आकड्यापेक्षा कमीच येणार. तो पाहून स्पीकर बाद ठरवू नये. काहीच आकडा आला नाही, तर वायर किंवा बॉक्सचा जॅक आधी तपासावा. आपल्याकडच्या पावसाळ्यात पितळी पत्तीवर हिरवट थर चढतो आणि वरून धडधाकट दिसणारा जॅक आतून तुटक जोड देतो.

आता खरा अवघड टप्पा, ज्याने मला सर्वाधिक छळले आहे. आकडा एकेका स्पीकरचा नव्हे, तर एकूण भाराचा जुळवायचा असतो. ॲम्पच्या मागचे दोन स्पीकर जॅक बहुधा आतून समांतर जोडलेले असतात, त्यामुळे ८ ओहमचे दोन बॉक्स लावताच भार ४ होतो आणि ॲम्पवरचा ओहमचा निवड-स्विच ४ वर न्यावा लागतो. एका बॉक्सच्या दुसऱ्या जॅकमधून पुढच्या बॉक्सला वायर नेली, तरी सहसा जोडणी समांतरच राहते. वायर एकापुढे एक दिसते म्हणून तिला एकसर समजणे ही सर्रास दिसणारी गफलत आहे. एकसर जोडणीत आकड्यांची बेरीज होते, समांतर जोडणीत सारखे दोन भार निम्मे होतात. चार स्पीकरच्या बॉक्समध्ये ८ ओहमच्या दोन-दोन एकसर जोड्या १६ च्या होतात आणि त्या समांतर जोडल्या की पुन्हा ८ येतात. काही बॉक्सना मात्र १६ आणि ४ असे वेगळे जॅक आणि वर मोनो-स्टिरिओ स्विच असतो. तिथे छापील आकड्यावर न विसंबता ज्या जॅकमध्ये पिन घालणार तोच मोजावा. ॲम्पवर ‘१×८’ आणि ‘२×१६’ एकाच जॅकजोडीपाशी लिहिलेले असेल, तर गोंधळून जाऊ नये: १६ चे दोन बॉक्स समांतर म्हणजे ८ चाच भार.

८ आणि १६ चे बॉक्स मिसळण्याचा आग्रह मी मोडून काढतो. समांतर जोडणीत भार ५.३ ओहमच्या आसपास येतो, कोणत्याच टोकाशी नीट जुळत नाही, शिवाय दोन-तृतीयांश ताकद ८ ओहमचा बॉक्स ओढतो आणि तो कमी वॅटचा असला तर आधी तोच जळतो. एक पायरीची तफावत काही व्हॉल्व्ह ॲम्प सोसतात. पण तसे मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलेले असेल तरच ती मान्य करावी.

गिटारची वायर स्पीकरला वापरू नये. ती जाळीदार आणि बारीक असते, तिथे जाड दुहेरी वायर हवी. निवड-स्विच ॲम्प बंद असतानाच फिरवावा.

सर्व आकडे जुळूनही आवाज पोकळ आणि खर्ज गायब वाटला, तर एका बॉक्सची टोके उलटी आहेत असे समजावे. बॉक्स ॲम्पपासून सोडवून त्याच्या वायरच्या पिनच्या टोकाला १.५ व्होल्टच्या सेलची धन बाजू व दांड्याला ऋण बाजू क्षणभर टेकवावी. दोन्ही बॉक्समधले पडदे एकाच दिशेला सरकले पाहिजेत. ज्याचा पडदा उलट सरकेल, त्याच्या मागच्या दोन तारा अदलाबदल करून पुन्हा डाख द्यावा.