आधी गोळ्यांची यादी, मग बॅग

मामेबहिणीचा फोन आला. मामींच्या गुडघ्याचं ऑपरेशन सोमवारी, तर सोबत काय काय न्यायचं? टॉवेल, चपला, थर्मास, चार्जर हे तिलाही कळतं, तुम्हालाही कळतं. मी एवढंच विचारलं, मामींच्या रोजच्या गोळ्यांची यादी कुठे आहे? ‘‘यादी कशाला गं ताई, आईला सगळ्या पाठ आहेत.’’ मग मी गॅस बंद केला आणि खुर्ची ओढून बसले.

पाठ असणाऱ्या माणसालाच भूल देणार आहेत. कागदावर लिहा.

आमच्या अण्णांना कंपवात, म्हणजे पार्किन्सन्स. त्यावरची गोळी सिंडोपा, दिवसातून 4 वेळा: सकाळी 7, मग 11, दुपारी 3, संध्याकाळी 7. अर्धा तास उशीर झाला तरी त्यांचे पाय फरशीला चिकटल्यासारखे व्हायचे. हे सगळं वेळेसकट फ्रिजवर, गणपतीच्या मॅग्नेटखाली लावलेलं होतं. रात्री बाथरूममध्ये पडून त्यांचा खुबा मोडला तेव्हा मी आधार, मेडिक्लेमचं कार्ड, जुने एक्स-रे, झाडून सगळं घेतलं. यादी फ्रिजवरच राहिली. कॅज्युअल्टीत तोंडी सांगितलं, ‘‘सिंडोपा चालू आहे.’’ तिथल्या मुलाने लिहून घेतलं, टीडीएस. म्हणजे दिवसातून तीनदा, वॉर्डाच्या गोळ्यांच्या फेरीबरोबर. मला वाटलं, सांगितलं म्हणजे झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळचं ऑपरेशन दुपारी चारवर गेलं. पाटी होती ‘उपाशी’, म्हणून गोळ्याही नाहीत. 7 ची गेली, 11 ची गेली, 3 ची गेली. मी सिस्टरना दोनदा विचारलं, उत्तर आलं, ‘‘ऑर्डर नाहीये.’’ ऑपरेशननंतर उलट्या झाल्या म्हणून मेटोक्लोप्रमाइडचं इंजेक्शन दिलं. मेंदूतल्या ज्या डोपामिनची या आजारात टंचाई असते, त्याचंच काम हे औषध अडवतं. पार्किन्सन्सच्या पेशंटला ते देत नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी अण्णांनी पलंगाचा कठडा धरला होता आणि त्यांची बोटं मला एकेक करून सोडवावी लागली. घोटभर चहा गालातच राहिला. आणि शेरा काय, ‘‘आजोबा कोऑपरेट करत नाहीत.’’ इडलीची बशी हात पोचणार नाही अशा स्टुलावर ठेवून जायचे, तासाने तशीच उचलून न्यायचे. दोष हॉस्पिटलवाल्यांचा होताच. पण माझ्या हातात कागद असता तर ‘ऑर्डर नाही’ म्हणणाऱ्यासमोर तो धरता आला असता.

तर यादी. औषधाचं नाव, किती मिलिग्रॅम, कशासाठी आणि घड्याळातली वेळ. 1-0-1 (म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक) नको, ‘सकाळी 7’ असं. त्याखाली लाल पेनाने ॲलर्जी आणि काय द्यायचं नाही ते. आमच्यासाठी मेटोक्लोप्रमाइड आणि हॅलोपेरिडॉल. रात्री म्हातारं माणूस बडबडायला लागलं की शांत करायला हे दुसरं देतात. पाच झेरॉक्स काढा: एक फाइलच्या पहिल्या पानाला टाचलेली, एक पलंगाच्या डोक्याशी चिकटवलेली, एक तुमच्या पर्समध्ये, एक रात्री थांबणाऱ्याकडे, एक हरवायला. मोबाइलमध्ये फोटो आहे म्हणू नका. मोबाइल तुमच्याबरोबर कँटीनला जातो.

यादीबरोबर गोळ्यांची पाकिटंही न्या, निदान आठवड्याची. तिथल्या दुकानात तोच डोस मिळेलच असं नाही. स्वतःच्या मनाने गुपचूप देऊ नका. सिस्टरना दाखवून, केसपेपरवर लिहायला लावून द्या. आणि गिळता येत नाही म्हणून कोणी गोळी कुटायला लागलं तर आधी विचारा. सावकाश विरघळणारी सीआर गोळी कुटायची नसते.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी भूलतज्ज्ञ येतात. दोन मिनिटं असतात, ती ‘घाबरू नका ना आजोबा’मध्ये घालवू नका. यादी पुढे करा आणि एकेका औषधावर बोट ठेवून विचारा, उद्या सकाळी ही द्यायची की नाही? रक्त पातळ करायच्या आणि साखरेच्या काही गोळ्या आधी थांबवतात, काही मात्र घोटभर पाण्याबरोबर चालू ठेवतात. पार्किन्सन्सची अचानक तोडायचीच नसते. उत्तर त्याच कागदावर लिहून घ्या. ऑपरेशन पुढे ढकललं की पुन्हा विचारा. पुन्हा. आणि ड्यूटी बदलली की नव्या सिस्टरना यादी नव्याने दाखवा. सकाळच्या सिस्टरना माहीत होतं म्हणून रात्रीच्यांना माहीत असतं, या भ्रमात मी चार दिवस काढले.

एक दोनशेपानी वही. किती वाजता कोणती गोळी, कोण डॉक्टर आले, काय म्हणाले, लघवी किती, कूस कधी बदलली. हलता न येणाऱ्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, हे मला माकडहाडावर लाल चट्टा दिसल्यावर कळलं. एअर बेड पहिल्याच दिवशी मागा. वही उघडी ठेवून लिहायला लागलं की लोक जरा नीट बोलतात, हाही अनुभव आहे.

चष्मा, कानाचं यंत्र, कवळी. कवळी नाव लिहिलेल्या डबीत. कागदी रुमालात गुंडाळलेली कवळी कचऱ्यात जाते. ऐकू येत नाही, दिसत नाही अशा माणसाला मग ‘कन्फ्यूज्ड’ ठरवतात.

मेडिक्लेमचं आधीच कळवा. सरकारच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसत असेल तर रेशनकार्ड आणि आधार घेऊन थेट आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या हॉस्पिटलमधल्या माणसाला गाठा, हेल्पलाइन 155388. कोऱ्या संमतीपत्रावर सही नाही, कितीही घाई असू दे. महाराष्ट्रात शुश्रूषागृहांच्या 2021 च्या नियमांनुसार रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावावी लागते. दिसली नाही तर विचारा, कुठे आहे म्हणून. तक्रार करायची तर तिथेच, लेखी, पोच घेऊन. आम्ही वैतागून घरी आल्यावर केली. केसपेपरची प्रत लेखी मागितली की 72 तासांत द्यावी लागते, 2002 च्या वैद्यकीय आचारसंहितेत तसं आहे. ती तेव्हाच मागा.

रात्री कोण, दिवसा कोण, हे भावंडांत आधी ठरवा. जाणाऱ्याने येणाऱ्याला काय द्यायचं? वही. आणि यादी.

डिस्चार्जच्या दिवशी सगळे दमलेले असतात, बिलाकडे डोळे असतात. बिल तपशीलवार मागा, फिल्मा मोजून घ्या, टाके कधी काढायचे ते विचारा, बास. पण डिस्चार्ज कार्डावरची औषधं आपल्या यादीशी ओळ न ओळ ताडून बघा, लिफ्टमध्ये शिरायच्या आधी. आमच्या कार्डावर सिंडोपा 1-0-1 होती. दादाने फ्रिजवरून आणलेला मूळ कागद दाखवून मी तिथेच ती चार वेळा करून घेतली, सही घेतली, आणि मग व्हीलचेअर मागवली.