जाझ पियानोचा सोलो कानाने उतरवताना

पहिल्यांदा उतरवायला, म्हणजे ऐकून नोटेशनमध्ये लिहायला, पियानोवादक विंटन केलीचा ‘फ्रेडी फ्रीलोडर’मधला सोलो (माइल्स डेव्हिसचा ‘काइंड ऑफ ब्लू’ अल्बम, १९५९) घ्या. बारा बारचा (बार म्हणजे चार मात्रांचा खंड) बी फ्लॅट ब्लूज, मध्यम लय, ओळी स्वच्छ. मात्र आवृत्ती बघून घ्या. मूळ टेपच्या वेगात चूक राहिल्याने जुन्या प्रतींत सूर किंचित चढा आहे, पियानोशी जुळत नाही. १९९७ ची दुरुस्त आवृत्ती वापरा.

आधी फक्त बास ऐका, बारच्या रेघा आखा, कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) लिहा. आवर्तनाच्या शेवटच्या दोन बारमध्ये इथे बी फ्लॅट नव्हे, ए फ्लॅट सेव्हन येतो. नेहमीचा ब्लूज गृहीत धरलात तर पुढचे सूर चुकीचे वाटू लागतात.

मग सॉफ्टवेअरमध्ये दोन-दोन बारचा लूप (तोच तुकडा पुन्हा पुन्हा), वेग ६० टक्के, सूर तोच. आधी गाऊन बघा, मगच पियानोवर शोधा. वेग ५० टक्क्यांखाली नेला की खालचे सूर गढूळ होतात.

डावा हात सर्वांत अवघड. कॉर्डचा मूळ सूर बासवाला वाजवतो, म्हणून पियानोवादक तो बहुधा सोडतो. बी फ्लॅट सेव्हनसाठी डी, जी, ए फ्लॅट, सी हे चार सूर करून बघा. वरचा सूर आधी पकडा.

स्विंग (जोडीतला पहिला सूर लांब, दुसरा आखूड) ट्रिपलेटमध्ये, म्हणजे मात्रेचे तीन भाग करून, लिहू नका, पान वाचवत नाही. साध्या एट्थ नोट (अर्ध्या मात्रेचे सूर) लिहा आणि वर ‘स्विंग’ अशी सूचना द्या. दबलेले, जेमतेम ऐकू येणारे सूर कंसात. पीडीएफसोबत मिडी फाइलही (लिहिलेले सूर संगणकावर वाजवणारी) टाका, म्हणजे वाचणाऱ्याला चूक ऐकून दाखवून देता येते.