हवामानबदलावर पीएचडी : पहिल्या सहा महिन्यांची तयारी

प्रवेश मिळाला, विषय कागदावर आला, की नव्या संशोधकाचे हात कोड लिहायला शिवशिवू लागतात. ते थोडे आवरा. पर्यावरण आणि हवामानबदल या क्षेत्रांत पीएचडी सुरू करणाऱ्यांना मी जी यादी देतो, तिच्यात मॉडेल चालवणे बरेच खाली येते.

सगळ्यात आधी आपला प्रश्न एका वाक्यात लिहा आणि त्याखाली दुसरे वाक्य लिहा : काय दिसले तर माझे म्हणणे चुकीचे ठरेल? हे दुसरे वाक्य जमत नसेल, तर तुमच्याकडे अजून विषयच आहे, प्रश्न नाही. ‘हवामानबदलाचा जंगलांवर परिणाम’ हा विषय झाला. ‘गेल्या तीस वर्षांत या उतारावर पालवी लवकर फुटू लागली का, आणि ती तापमानामुळे की पावसामुळे’ हा प्रश्न. याच दिवसांत मार्गदर्शकांशी तीन गोष्टी स्पष्ट बोलून घ्या : भेट किती दिवसांनी, मसुदा वाचून किती दिवसांत मिळणार, आणि शोधनिबंधावर नावांचा क्रम कसा ठरणार. शेवटचे विचारायला संकोच वाटतो, हे खरे. निबंध तयार झाल्यावर तो दुप्पट वाटतो.

आता डेटा. इथे मात्र मुक्काम लांबवा. वापरणार असाल त्या प्रत्येक डेटासंचासाठी वहीचे एक पान राखून ठेवा. मोजणी कुणी केली, कोणत्या उपकरणाने, उपकरण कधी बदलले, केंद्र कधी हलवले, गाळलेल्या नोंदी कशा भरल्या, हे त्यावर लिहा. हे कारकुनी काम वाटते, पण समुद्राच्या पृष्ठभागाच्या तापमानाचे उदाहरण घ्या. पूर्वी जहाजावरून बादली सोडून पाणी वर ओढत आणि त्यात तापमापक बुडवत. कापडी बादलीतले पाणी वर येईपर्यंत बाष्पीभवनाने थोडे गार व्हायचे. पुढे काही जहाजे इंजिन थंड करण्यासाठी आत घेतलेल्या पाण्याचे तापमान नोंदवू लागली, आणि ते थोडे जास्त भरायचे. दुसरे महायुद्ध संपताना नोंदी पाठवणाऱ्या जहाजांमधले देशांचे प्रमाण बदलले आणि १९४५ च्या सुमारास जागतिक आलेखात सुमारे ०.३ अंशांची घसरण उमटली. समुद्र एकाएकी गार झाला नव्हता, मोजणारे बदलले होते. हे नीट लक्षात आणून देणारा निबंध २००८ साली आला. साठ वर्षांनी!

उलटीही चूक होते. अंटार्क्टिकावरच्या हॅली केंद्रात ओझोनची मोजणी १९५० च्या दशकापासून जमिनीवरून चालू होती. तिथल्या घसरणीवर फार्मन, गार्डिनर आणि शँकलिन या ब्रिटिश संशोधकांचा निबंध १९८५ साली आला. उपग्रहालाही ते कमी आकडे दिसले होते, पण इतके कमी मूल्य संशयास्पद समजून प्रणालीने त्यांच्यावर खूण करून ठेवली होती. म्हणून विचित्र आकडा पुसू नका. त्याच्यासमोर खूण करा, आणि त्या खुणा कोण, कधी तपासणार तेही लिहून ठेवा.

फाइल उघडल्यावर तपासायच्या गोष्टी रुक्ष आहेत, तेव्हा भराभर सांगतो. एकके पाहा : ईआरए५ या युरोपीय हवामान डेटासंचात पाऊस मीटरमध्ये मिळतो, तर सीएमआयपी६ या जगभरातली हवामान मॉडेले एकत्र ताडून पाहणाऱ्या प्रकल्पाच्या मॉडेलांमध्ये दर सेकंदाला दर चौरस मीटरवर किती किलो असा. दुसऱ्याचे दिवसाला मिलिमीटर करायला ८६,४०० ने गुणावे लागते. रेखांश ० ते ३६० आहेत की उणे १८० ते १८०, ते पाहा. कॅलेंडर पाहा, कारण हॅडली सेंटर या ब्रिटनच्या हवामान संशोधन केंद्राच्या काही मॉडेलांत वर्ष ३६० दिवसांचे असते आणि तिथे ३० फेब्रुवारी ही तारीख रीतसर येते. जागतिक सरासरी काढताना अक्षांशाच्या कोसाइनचे वजन द्या, कारण ६० अंशांवरची ग्रिडची, म्हणजे पृथ्वीवर आखलेल्या अक्षांश-रेखांशांच्या जाळ्याची, चौकट विषुववृत्तावरच्या चौकटीच्या साधारण निम्म्या क्षेत्राची असते. हे वजन द्यायला मी स्वतः एकदा विसरलो होतो. माझी पृथ्वी वेगाने तापत होती आणि मी तीन दिवस खुशीत होतो.

संख्याशास्त्राचा एक अभ्यासक्रम तरी पूर्ण करा, तोही कालश्रेणींचा. आजचे तापमान कालच्यासारखेच असते, म्हणून हजार नोंदी म्हणजे हजार स्वतंत्र पुरावे नव्हेत. शिवाय नकाशावरच्या प्रत्येक चौकटीत पाच टक्क्यांची कसोटी लावली, तर काहीच घडत नसतानाही शंभरातल्या पाचेक चौकटी ‘लक्षणीय’ निघतात. त्यांच्यावर ठिपके छापून कहाणी रचण्याचा मोह फार होतो.

फील्डवर जाणार असाल तर परवानग्यांचे अर्ज आजच टाका, सगळ्यांत जास्त वेळ तिथेच जातो. निघण्याआधी आणि परतल्यावर, दोन्ही वेळा उपकरणाचे कॅलिब्रेशन करा, म्हणजे ते ज्ञात प्रमाणाशी ताडून पाहा. नमुन्यांच्या बाटल्यांबरोबर रिकामा नमुनाही, म्हणजे शुद्ध पाणी भरलेली तशीच एक बाटली, न्या, नाहीतर प्रदूषण नदीतले की बाटलीतले, हे कधीच कळणार नाही. वही पावसात टिकणारी हवी आणि लिहायला पेन्सिल. एकट्याने जाऊ नका. परतायची वेळ कुणाला तरी सांगून जा, आणि त्या वेळेपर्यंत फोन आला नाही तर त्याने काय करायचे तेही ठरवा.

वाचनात आयपीसीसीच्या (हवामानबदलावरच्या संयुक्त राष्ट्रांच्या आंतरसरकारी समितीच्या) सहाव्या अहवालातले, म्हणजे पहिल्या कार्यगटाच्या २०२१ च्या खंडातले, आपल्या विषयाचे प्रकरण सावकाश वाचा. तिथली भाषा मोजून वापरलेली आहे. ‘लाइकली’ म्हणजे किमान ६६ टक्के शक्यता, ‘व्हेरी लाइकली’ म्हणजे किमान ९०. पत्रकाराने फोन केला की हे आकडे उपयोगी पडतात, आणि फोन येतोच, बहुधा पूर आलेला असताना. एकच घटना हवामानबदलाने ‘घडवली’ का, या प्रश्नाला हो किंवा नाही म्हणू नका. अशा घटनेची शक्यता किंवा तीव्रता किती वाढली, एवढेच बोलायचा सराव करा.

कोड पहिल्या दिवसापासून गिटमध्ये, म्हणजे प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीत, ठेवा. मूळ डेटाला हात लावू नका, त्याच्या तीन प्रती ठेवा आणि त्यातली एक दुसऱ्या इमारतीत. सहा महिने संपता संपता तुमचे फोल्डर एखाद्या सहकाऱ्याला द्या आणि तुम्हाला काहीही न विचारता पहिली आकृती पुन्हा काढायला सांगा. तो किती वेळा तुमच्या टेबलापाशी येतो ते मोजा. माझा सहकारी अकरा वेळा आला होता, बाराव्या वेळी त्याने मलाच त्याच्या खुर्चीत बसवले.