जेवल्यावर शुगर किती चढते, ते घरीच कसं बघायचं

शुगर आहे म्हटलं की आपल्या कोल्हापुरात सगळे एकच विचारतात, उपाशीपोटी किती आली? माझंही दोन वर्षं तसंच चाललं होतं, सकाळी १२०-१२५ यायची, मी निवांत, आणि तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी सांगणारी एचबीएवनसी ही रक्ततपासणी केली तर ७.८ टक्के. मग डॉक्टरांनी समजावलं की जेवणानंतर जी चढते ती तुम्ही कधी बघतच नाही.

तर बघायची कशी, जोडीनं. जेवायला बसायच्या आधी एकदा बोटाला टोचून मीटरवर बघायचं आणि पहिला घास घेतल्यापासून दोन तासांनी दुसऱ्यांदा. पहिल्या घासापासून बरं का, हात धुतल्यापासून नाही, लई जण इथंच चुकतात. घास घेतानाच मोबाईलला अलार्म लावून टाका. मधल्या दोन तासांत काही खायचं नाही, अर्धा कप चहासुद्धा नाही, नाहीतर कशामुळं चढली ते कळणारच नाही.

हात साबणानं धुवा आणि पूर्ण कोरडे करा. मी एकदा केळं सोललेल्या हातानं तशीच टोचून घेतली तर मीटरवर २६०, घाबरून गेले, हात धुऊन परत बघितली तर १४८! बोटाच्या मधोमध टोचू नका, कडेला टोचा, कमी दुखतं. स्ट्रिपच्या डबीचं झाकण लगेच लावायचं, एक्स्पायरी बघायची, आणि आपल्या पावसाळ्यात तर डबी दमट जागी अजिबात ठेवायची नाही. आणि घरचं मीटर लॅबपेक्षा १५ टक्क्यांपर्यंत इकडंतिकडं दाखवू शकतं, त्यामुळं १५० आणि १६० मध्ये फरक शोधत बसू नका.

एक वही करा. काय खाल्लं, किती भाकऱ्या, किती वाट्या भात, दोन्ही आकडे, त्यांच्यातला फरक, जेवल्यावर चाललो का, रात्री झोप झाली का, अंगात ताप होता का. साधारण जेवणाआधी ८० ते १३० आणि नंतर १८० च्या आत असं धरतात, पण वयस्कर माणसांना किंवा दुसरे आजार असणाऱ्यांना डॉक्टर वेगळे आकडे देतात, तेच पाळायचे.

आता मिसळ. रविवारी मिसळ खाल्ली, सोबत चार स्लाइस ब्रेड, आधी १२२ होती ती दोन तासांनी २३१. मी सगळा दोष कटाला दिला, तिखटानं आणि तेलानं चढली म्हणून. पुढच्या रविवारी तीच मिसळ, तोच कट, फक्त ब्रेड चाराच्या जागी एक स्लाइस घेतला, तर १२६ वरून १६८. म्हणजे मुख्य भानगड ब्रेडची होती! फक्त एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं तेच ठेवायचं, तरच कारण सापडतं. आणि एका वेळेवर विश्वास ठेवायचा नाही, मी तिसऱ्या रविवारी परत बघितली तेव्हाच मनाला पटलं.

तांबडा-पांढऱ्याचं पण तसंच आहे, रश्श्यापेक्षा शुगर चढवतो तो त्यावर ओढलेला भाताचा ढीग. मी आता आधी कांदा-काकडी आणि सुकं मटण खाते, मग एक भाकरी, आणि भात शेवटी दोन घास, तेवढ्या क्रमानं सुद्धा माझा आकडा खाली आला. फक्त असं तेला-तुपाचं जेवण सावकाश पचतं, दोन तासांनी छान दिसते आणि नंतर चढते, म्हणून त्या दिवशी तीन तासांनी अजून एकदा बघा. आणि जोंधळ्याची भाकरी म्हणजे कितीही चालते हा गैरसमज काढून टाका, तिच्यात पण पिष्टच आहे, मोजूनच खायची.

गुळाबद्दल मला मनापासून सांगायचंय, कारण आपल्या गावचा गूळ म्हणजे आपला अभिमान, त्याला जीआय टॅग पण आहे, पण शुगरवाल्याला गूळ म्हणजे साखरच. गुळाचा चहा चालतो म्हणणाऱ्यांनी एकदा वहीत मांडून बघावं.

जेवल्यावर १५ मिनिटं चाला, रंकाळ्यापर्यंत जायलाच पाहिजे असं नाही, गल्लीत चाललं तरी चालतंय, पायाचे स्नायू साखर ओढून घेतात. तेच जेवण एकदा चालून आणि एकदा बसून मोजा.

स्ट्रिपा महाग पडतात म्हणून रोज सगळी जेवणं मोजायची गरज नाही, एक आठवडा फक्त नाष्टा, पुढचा आठवडा दुपारचं, मग रात्रीचं. आकडे चांगले आले म्हणून गोळी स्वतःहून बंद करू नका, वही डॉक्टरांसमोर ठेवा. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी शुगर फार खाली नेऊ शकणारी गोळी चालू असेल आणि शुगर ७० च्या खाली आली, तर लगेच तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून प्या आणि १५ मिनिटांनी परत बघा, तरी कमीच असेल तर परत घ्या, नंतर काहीतरी खा.

माझा हा आठवडा नाष्ट्याचा आहे, उद्या पोहे, एक वाटी, आणि वरून मोड आलेली मटकी.