सांधे आधी, पोट नंतर: व्हिपलच्या आजारात या चुका टाळा

चवथीला पाटावर मांडी घालून बसता येईना, की गोव्यातल्या डिचोली-सत्तरीकडचा माणूस हाडांच्या डॉक्टरकडे जातो. बरोबरच आहे. पण दुखणं आज गुडघ्यात, उद्या मनगटात असं फिरत असेल, संधिवाताच्या रक्तचाचण्या निगेटिव्ह येत असतील आणि काही वर्षांनी जुलाब लागून वजन उतरू लागलं, तर सांध्यांची फाइल घरी ठेवून पोटाच्या डॉक्टरकडे जाऊ नका. व्हिपलच्या आजारात, म्हणजे ट्रोफेरिमा व्हिपली या जंतूमुळे होणाऱ्या दुर्मीळ आजारात, सांधेदुखी बहुधा पोटाच्या तक्रारीच्या कित्येक वर्षं आधी सुरू होते.

सगळ्यात महाग पडणारी चूक मधल्या काळात होते. संधिवात समजून स्टिरॉइड किंवा टीएनएफ (सूज वाढवणारं प्रथिन) रोखणारी इंजेक्शनं दिली जातात आणि आधीच लंगडी असलेली प्रतिकारशक्ती आणखी दबते. हा जंतू सांडपाण्यातही सापडतो आणि तो पोटात गेलेले बहुतेक लोक ठणठणीत राहतात. मोजक्यांच्या भक्षक पेशी मात्र त्याला गिळतात, पण पचवत नाहीत. (माणसाला पेज पचेना, पेशीला जंतू!) टी पेशींना (संरक्षक पांढऱ्या पेशींना) जागं करणारं इंटरल्यूकिन-१२ कमी पडतं, मग त्या भक्षक पेशींना जंतू मारायला लावणारं इंटरफेरॉन-गॅमा पुरेसं सोडत नाहीत आणि गिळलेला जंतू आत सुखाने राहतो. २०१८ मध्ये या आजाराचे रुग्ण असलेल्या एका फ्रेंच कुटुंबात प्रतिकारशक्तीशी निगडित आयआरएफ४ जनुकाची एक प्रत निकामी आढळली. तरी ती असलेले सगळेच आजारी नव्हते.

म्हणून ‘एचआयव्ही निगेटिव्ह आहे, म्हणजे प्रतिकारशक्ती चांगली’ हा हिशेब इथे चालत नाही. दोष अरुंद असतो. इतर बहुतेक जंतूंशी ही माणसं नीट लढतात. उलट, नुसत्या शौचाच्या पीसीआरमध्ये (जंतूचा डीएनए शोधणाऱ्या चाचणीत) जंतू दिसला म्हणून आजार ठरवणंही चूकच. लहान आतड्याचा तुकडा तपासायला हवा. त्यात पीएएस या तपासणीच्या रंगाने भरलेल्या पेशी दिसल्या तरी टीबीच्या जातीतले जंतू वगळायला झील-नील्सन रंग लावून घ्यावा. आपल्याकडे ‘टीबीच्या गोळ्या देऊन बघू’ हा मोह फार.

उपचार साधारणपणे दोन आठवडे सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन शिरेतून आणि मग वर्षभर को-ट्रायमॉक्साझोल या प्रतिजैविकांचा असतो. भूक परतली, मासे पचू लागले म्हणून गोळ्या सोडू नका. आजार उलटून मेंदूत जाऊ शकतो. गोळ्या चालू असताना पुन्हा ताप आला, तर औषध हरलं असं लगेच धरू नका. जागी झालेली प्रतिकारशक्तीही ताप आणते, विशेषतः आधी स्टिरॉइड घेतलेल्यांना. ताप कधी सुरू झाला ती तारीख लिहून ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा.