तलावाकाठच्या शिबिरात सेवेला जाणाऱ्या ज्येष्ठ जोडप्यांसाठी

धामापूरसारख्या तलावाकाठी मुलांचं शिबिर असलं की निवृत्त जोडप्याच्या वाट्याला स्वयंपाकघर, औषधपेटी आणि काठावरची राखण येते. यातली राखण सगळ्यात जोखमीची.

मुलं जोडीनेच पाण्यात सोडा. दर १० मिनिटांनी शिट्टी द्या. जोडीदाराचा हात धरून सगळे वर, मग मोजणी. लाइफ जॅकेटचे पट्टे आवळा आणि खांद्याला धरून वर ओढून बघा. कानापर्यंत सरकलं तर ते मोठं होतंय. बुडणारं मूल बहुधा ओरडत नाही, गप्पच खाली जातं. म्हणून राखणीवरच्याने मोबाइल खोलीत ठेवावा. मदतीला दोर फेका, बांबू पुढे करा. साठीनंतर उडीबिडी मारायची नाही.

विहिरीतल्या १००० लिटर पाण्याला २.५ ग्रॅम ब्लीचिंग पावडर, वापरायच्या निदान तासभर आधी. आपल्याकडच्या दमट हवेत उघडं पाकीट लवकर निकामी होतं. उग्र वास येत नसेल तर नवीन आणा.

४० मुलांना एका जेवणाला ५ किलो तांदूळ पुरतो. माशाची आमटी असेल तर ६ काढा.

साप चावला तर दोरी आवळू नका, चिरा देऊ नका. पाय हलू न देता थेट रुग्णालय गाठा.